वनमंत्र्यांना खुले पत्र : जंगलाच्या कडेला एक रात्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,



मृग नक्षत्र जवळ आलं की वर्तमानपत्रांत दोन बातम्या हटकून येतात. पहिली, भंडारदऱ्याला काजवे बघायला लोटलेल्या गाड्यांची. दुसरी त्यानंतर काही दिवसांनी, धबधबे, गड आणि घाटमाथ्यांवर जायला जिल्हाधिकाऱ्यांनी केलेल्या मनाईची. मे संपताना सरकार म्हणतं ‘या’, जून संपताना तेच सरकार म्हणतं ‘याल तर खबरदार’. आम्ही या दोन्ही बातम्यांत सापडतो, पण आमच्याबद्दल कुठल्याच बातमीत एक ओळ नसते. आम्ही म्हणजे पोराबाळांना, क्वचित सासूसासऱ्यांनाही घेऊन डोंगरात पायी जाणारे, जंगलाच्या कडेला एखादी रात्र काढणारे आणि सकाळी केळ्याची सालंसुद्धा पिशवीत भरून घरी आणणारे लोक. गर्दी मोजताना आम्हाला गर्दीत धरतात. बंदी घालताना हुल्लडबाजांत धरतात.

मागणं सुरुवातीलाच सांगते, म्हणजे आपल्या स्वीय सहायकांना पत्र शेवटपर्यंत वाचायची तसदी नको. सह्याद्रीतल्या अभयारण्यांच्या आणि राखीव जंगलांच्या कडेला, गावांच्या ताब्यात, मोजक्याच माणसांसाठी रात्रीच्या मुक्कामाच्या जागा ठरवून द्या. आणि त्या सोडून इतरत्र रात्री जो धुडगूस चालतो, तो खरोखर थांबवा. नुसता फलक लावून नव्हे.

हे पत्र पर्यटनमंत्र्यांना का नाही, असं कुणी विचारेल. त्यांच्या खात्याचं यश आलेल्या माणसांच्या आकड्यावर ठरतं. माणसं कमी आणा असं त्यांना सांगणं म्हणजे दुकानदाराला गिऱ्हाईक परत पाठवायला सांगणं. जंगल आपल्या खात्याकडे आहे. झाडं आपली, वाटा आपल्या, काजवेही आपलेच.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं उदाहरण घेते, कारण तो मुलूख माझ्या पायाखालचा आहे. १९८६ मध्ये जाहीर झालेलं, साडेतीनशे चौरस किलोमीटरहून मोठं हे अभयारण्य अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतं. उत्तरेला १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. दक्षिणेला हरिश्चंद्रगड. मधे रतनगड, साम्रदची सांदण दरी आणि १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या विल्सन धरणामागे पसरलेलं प्रवरेचं पाणी. शेंडीहून निघालेला रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा जलाशयाला वळसा घालून पुन्हा शेंडीला येतो. काजव्यांच्या दिवसांत शनिवारी रात्री या रस्त्यावर गाड्या अडकून पडतात. अभयारण्याच्या आत, मध्यरात्रीच्या सुमाराला, हॉर्न वाजवत.

काजवे बघायचे तर उजेड नको, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण त्यामागचं कारण मुलांना सांगितलं की ती आपणहून टॉर्च बंद करतात, हा माझा अनुभव आहे. झाडावर आणि हवेत चमकतात ते बहुतेक नर. मादी खाली गवतात किंवा झुडपात बसून क्षीण उजेडानं उत्तर देते. ते उत्तर नराला दिसलं तर पुढची पिढी. मोटारीचा दिवा त्या गवतावरून फिरला की मादीचा उजेड त्यात बुडून जातो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर काजव्यांचे थवे बसतात. एखादा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका तालात पेटतो आणि विझतो, आणि दोन झाडांचे ताल हळूहळू एकमेकांना मिळतात. ते बघायला डोळ्यांना अंधारात अर्धा तास तरी द्यावा लागतो. पहिली दहा मिनिटं मुलं कुरकुरतात, ‘काहीच दिसत नाही’. मग एक म्हणतं, ‘तिकडे’. त्यानंतर कुणाला काही सांगावं लागत नाही. आणि नेमकं तेव्हा मागून कुणीतरी मोबाइलचा फ्लॅश मारतो. फोटोत काळोखाशिवाय काही येत नाही, तरी पुन्हा मारतो.

काजव्यांचं आयुष्य त्या दोन-तीन आठवड्यांपुरतं नसतं, ही गोष्ट मात्र नियम करणाऱ्यांच्या लक्षात यायला हवी. अंडी ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात, अळ्या पुढचे कित्येक महिने जमिनीत आणि जमिनीलगत, गोगलगायी खात वाढणाऱ्या. म्हणजे ज्या माळावर शेदोनशे गाड्या उभ्या करून आपण काजवे बघायला जातो, तो माळच त्यांचं घर असतो. गेल्या काही वर्षांत वन्यजीव विभाग या हंगामात वेळेचे आणि वागणुकीचे नियम काढतो, त्याबद्दल धन्यवाद. पण नियम माणसाच्या वागण्याचे आहेत आणि नुकसान गाडीच्या चाकाचं आहे. गाड्या शेंडीत अडवा. पुढे गावच्या जीपा न्या, उरलेलं अंतर चालवा. ज्याला चालायचं नाही त्याला काजवे दिसले नाहीत तरी चालेल, इतपत कठोरपणा अभयारण्याच्या मालकाला शोभतो.

आता मुक्कामाबद्दल. मुलं बरोबर असली की मुक्काम ही चैन राहत नाही. शहरात वाढलेलं सात-आठ वर्षांचं मूल चढावर तासाला एक किलोमीटरसुद्धा धड चालत नाही. त्याला दर दहा पावलांवर काहीतरी सापडतं. शेणाची गोळी ढकलत नेणारा किडा, सापाची कात, कारवीच्या पानावरचा फेस. मोठी माणसं पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाऊन संध्याकाळी परत गाडीत बसू शकतात. मुलांना घेऊन तसं केलं तर त्यांच्या वाट्याला दिवसभर ‘चल, चल, उशीर होतोय’ एवढंच येतं, आणि घसाऱ्यावरचे अपघात होतात ते असे परतीच्या घाईत, उन्हं उतरल्यावर. आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या गावात पोचावं, पिठलंभाकरी खावी, जमिनीला पाठ टेकावी, पहाटे गारव्यात निघावं आणि ऊन चढण्याआधी वर असावं. डोंगरातल्या माणसाला हे वेळापत्रक कुणी शिकवावं लागत नाही.

पण तशी झोपायला नीट जागा कुठे आहे? गडावरच्या गुहांत पूर्वी लोक झोपत. आता गर्दी इतकी की शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि चुलीच्या धुरानं लेण्यांची छतं काळी झाली आहेत. काही गडांवर पुरातत्त्व विभागानं मुक्काम बंद केला, तो बरोबरच केला. राहता राहिले धरणाकाठचे तंबू. रांगेनं लावलेले निळे-नारिंगी तंबू, मधे शेकोटी, शेकोटीशेजारी माणसाएवढा स्पीकर, आणि जेवणात बार्बेक्यू. कुटुंबासाठी म्हणून जाहिरात असते. रात्री साडेबाराला शेजारच्या तंबूतून बाटल्या फुटल्याचा आवाज आला की कुटुंबानं काय करायचं ते जाहिरातीत नसतं. असल्या एका ठिकाणी आम्ही आयोजकाला आवाज कमी करायला सांगितला, तर तो म्हणाला, ‘ताई, लोक एन्जॉय करायला आलेत.’ आम्हीही त्यासाठीच आलो होतो.

आणि शौचालय. हा विषय खुल्या पत्रात नको, असं घरच्यांचं मत पडलं; मी तो मुद्दाम घेते आहे, कारण तो सोडून बाकी सगळ्यांवर चर्चासत्रं होतात. सुटीच्या रात्री पायथ्याच्या गावात चारपाचशे माणसं उतरतात आणि वापरता येतील अशी शौचालयं असतात दोन. त्यातल्या एकाला पाणी नसतं. बायका दुपारपासून पाणी प्यायचं टाळतात. मे महिन्याच्या उन्हात, चढ चढणार असताना. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची पाळी तिथेच सुरू झाली तर तिनं कुठे जायचं? आम्ही गेलो होतो त्या वाडीत एका घरापुढे पहाटे पाच वाजता अनोळखी बायकांची रांग लागली होती. त्या घरच्या बाईनं आपल्या न्हाणीघरात सगळ्यांना जाऊ दिलं, कुणाकडून पैसा घेतला नाही, आणि मग विहिरीवर जाऊन तेवढं पाणी पुन्हा भरलं. तिच्या गावात येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून प्रवेशाची पावती फाडली जात होती. त्या पावतीतलं काय तिच्या न्हाणीपर्यंत पोचतं, हे आपण आपल्या खात्याला विचारावं.

बाकीच्यांचं काय होतं, ते डोंगराच्या सोंडेवर पहाटे चालत जाणाऱ्याला दिसतं आणि वासानंही कळतं. गडावर पिण्याचं पाणी कातळातल्या टाक्यांतून येतं. टाक्यांच्या वरच्या अंगाला माणसं बसायला लागली की ते पाणी संपलं. हजार वर्षं टिकलेली टाकी असतात ती, आणि आपल्या एका पिढीत निकामी होत चालली आहेत.

शेकोटीबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण तिथे जीव जातात. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या पठारांवरचं गवत कमरेएवढं असतं, आणि डिसेंबरपासून ते वाळून असं होतं की ठिणगी पुरते. वारा डोंगराच्या कुशीतून वर वाहतो, आग त्याच्यासोबत चढते, आणि चढावरची आग माणसाच्या पळण्यापेक्षा वेगानं वर येते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात हेच घडलं. सुटीला डोंगर बघायला आलेली तरुण माणसं, त्यांत बऱ्याच मुली, गवताच्या उतारावर वणव्यात सापडली. वीसहून जास्त जण गेले. आपल्याकडे दर उन्हाळ्यात तसलेच उतार पेटतात. तिथे त्या वेळी कुणी तंबू ठोकलेला नसतो, हे आपलं नशीब.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं विस्तव पेटवणं किंवा पेटता सोडणं हा गुन्हा आहे. कलम २७ नं प्रवेशावर बंधन आहे आणि कलम २८ नं पर्यटनासाठी परवाना देता येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. नवा कायदा कुणी मागत नाही. आहे तो शनिवारी रात्री जागा असावा, इतकंच. लहान मुलांना शेकोटीचं आकर्षण असतं हे मला ठाऊक आहे, पण छोट्या गॅसच्या शेगडीवर आपल्या हातानं मॅगी शिजवायला दिली की ते भागतं. आणि बार्बेक्यूची शेगडी थंडी वाजते म्हणून तंबूत घेणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या प्रत्येक जागी ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं : कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस त्यानं उठतच नाही.

बंदीचं काय? बंदी हवीच, पण ती डोंगर बघून घातलेली हवी. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या अंगाला धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, बहुतेक मुलं. ते चित्रीकरण ज्यानं पाहिलं त्याला विसरता येणार नाही. त्यानंतर मनाईचे हुकूम निघाले, ते समजण्यासारखं आहे. पण हुकूम निघतात ते गावांच्या आणि गडांच्या लांबलचक याद्यांचे, सरसकट. सांदण दरी पावसाळ्यात बंद असायलाच हवी. ती पाण्यानंच कापलेली घळ आहे, वर पाऊस झाला की आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट उरत नाही. पण त्याच साम्रदच्या पठारावरून छत्री घेऊन आजोबा-नातू फिरले तर कुणाचं काय बिघडतं? ओढा किती चढला, दरड कुठे सुटली, धुकं कधी उतरतं, हे ज्याला कळतं तो माणूस त्या गावातच असतो. त्याला सकाळी वाट उघडायचा आणि दुपारी बंद करायचा अधिकार द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ते ठरत नाही. सरसकट बंदीचा एक तोटा असाही की ती सरसकट मोडली जाते. नाक्यावर पोलीस दिसला की लोक आडवाटेनं घुसतात, आणि आडवाटेवर पाय घसरला तर शोधायला जातात ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, आपल्या पदरचे दोर घेऊन.

इतर राज्यांनी यावर काय केलं तेही बघा. कुरंगणीनंतर तमिळनाडूनं काही वर्षं हात आखडला, पण २०२४ मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ या नावानं चाळीस वाटा उघडल्या : नोंदणी ऑनलाइन, बरोबर स्थानिक, त्यातही आदिवासी वाडीतले प्रशिक्षित वाटाडे. वणव्याच्या हंगामात वाटा बंद. कर्नाटकात २०२४ च्या जानेवारीत जोडून आलेल्या सुटीला कुमार पर्वताच्या वाटेवर हजारोंची झुंबड उडाली; सरकारनं ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटा काही काळ थांबवल्या आणि मग वाटेमागे दिवसाला ३०० जणांची मर्यादा धरली. उत्तराखंडात २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, रात्रीचा मुक्कामच बंद केला. तंबूखाली ते गवत मरतं आणि तिथल्या थंडीत लवकर परत येत नाही. तिथले तंबू मग खाली, झाडीच्या पट्ट्यात आले. मुक्काम गेला नाही, फक्त सरकला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आणि परराज्यात कशाला जायचं? साताऱ्याचं कास पठार आपलंच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कास आहे. फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, आणि कारभार कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे. तिथेही तक्रारी आहेत, भांडणं आहेत, कुंपणावरून वाद झाले. तरी फुलांवर लोळून फोटो काढायचे दिवस संपले, हे ज्यांनी आधीचं कास पाहिलं आहे ते कबूल करतील. फुलांसाठी जे जमलं ते काजव्यांसाठी का जमू नये?

गावांच्या ताब्यात द्या, असं मी म्हणते ते भाबडेपणानं नाही. आज तंबूंचा धंदा बराचसा बाहेरच्यांचा आहे. पुण्या-मुंबईत बसलेला माणूस मोबाइलवर नोंदणी घेतो, गावातला शेतकरी त्याला माळ भाड्यानं देतो, आणि गावच्या पोरांना राहतं गाड्या लावून देण्याचं काम. कचरा मात्र पुरता गावाचा. भंडारदऱ्याच्या परिसरातली वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. अभयारण्य झालं तेव्हा ‘हे करू नका, ते तोडू नका’ हे त्यांनाच ऐकावं लागलं. गुरं चारायची कुठे, मध काढायचा की नाही, घराच्या कुडाला कारवी आणायची की नाही, या सगळ्यावर त्यांनी बोलणी खाल्ली. आता त्याच जंगलात शहरातली माणसं रात्रभर नाचतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही. हे त्यांच्या डोळ्यांना कसं दिसत असेल, याचा विचार आपल्या खात्यानं केला आहे का? २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वन राखायचा आणि त्याची व्यवस्था पाहायचा हक्क दिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं तो वापरून दाखवला. मुक्कामाची जागा चालवणं हा त्या हक्काचा अगदी साधा उपयोग आहे.

आमच्या बरोबर येणारा वाटाड्या मुलांना काय शिकवतो ते सांगते. अत्तर लावलेलं पोरगं दिसलं की तो त्याला आधी ओढ्यावर अंग धुवायला पाठवतो, कारण कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि वासानं, धुरानं माश्या उठतात. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, विंचवासाठी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर काठापासून पाच-सहा हात अलीकडे तो काठीनं रेघ ओढतो आणि म्हणतो, ‘याच्या पल्याड आईचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं.’ फोटोसाठी बोलावणाऱ्या आया त्यानं पाहिलेल्या असणार. गवतात पाय टाकण्याआधी काठी टाकायची, सापासाठी, हेही त्याचंच. एवढं ज्ञान असलेल्या माणसाला आपण दिवसाची मजुरी देतो आणि तंबूवाल्याला त्याच्या कितीतरी पट. त्याला प्रथमोपचाराचं नीट प्रशिक्षण, ओळखपत्र, विमा आणि ठरलेला दर मिळाला पाहिजे.

सापाचा विषय निघालाच आहे तर : नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर चालणारं एकच प्रतिविष आहे. लाल विंचवाच्या दंशावरचे उपचार तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला शिकवले. आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी झालेलं काम आहे ते. पण मुलाला काही चावलं तर रात्री दोन वाजता ते प्रतिविष कुठल्या आरोग्य केंद्रात मिळेल आणि तिथे डॉक्टर असेल का, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. ‘प्लास्टिक टाकल्यास दंड’ सगळीकडे लिहिलेलं असतं. दोन्ही लिहायला तेवढाच रंग लागतो.

फलकांचं म्हणाल तर, आपल्याच खात्यात मारुती चितमपल्लींसारखा माणूस नोकरी करून गेला. तीन दशकांहून अधिक काळ जंगलात काढून त्यांनी मराठीला पाखरांची, झाडांची, जंगलातल्या माणसांच्या बोलीची पुस्तकं दिली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. अशा माणसाच्या खात्यानं लावलेल्या फलकावर झाडाचं गावातलं नाव नसावं, याचं वाईट वाटतं. मुलं वाचतात हो फलक. तहसीलदारांच्या आदेशाचा क्रमांकसुद्धा वाचतात, दुसरं काही नसतं म्हणून.

आता आमच्यातल्यांबद्दल. कुटुंब म्हटलं की सगळं सोज्ज्वळ असतं असा माझा दावा नाही. रतनवाडीत एसीची खोली मागणारे, मुलाच्या हातात चिप्सची पिशवी देऊन ती वाऱ्यावर सोडली तरी न बघणारे, शेकरूला बिस्किट टाकणारे आईबाप मी पाहिले आहेत. कळसूबाईच्या शिड्यांवर लहान पोराला काखेत मारून, चपला घालून चढणारे बापही पाहिले आहेत. अशांना परवाना देण्याआधी दहा मिनिटं बसवून चार गोष्टी सांगा आणि ऐकल्या नाहीत तर परत पाठवा. आम्हालाही लागू करा. परत पाठवण्याचा अधिकार गावाकडे असेल तर दुसऱ्या वर्षी माणसं सुधारून येतात. दंड भरून मोकळं होणाऱ्याला मात्र सुधारायचं काही कारण नसतं.

मुक्कामाची जागा कशी असावी, तेही थोडक्यात. गावाला लागून, पाण्यापासून लांब, गवताच्या पठारावर किंवा कड्याच्या काठाला नव्हे. पन्नास माणसांच्या वर एक माणूस नाही, मग आमदारांचा फोन येवो. बायकांसाठी वेगळी, पाण्याची सोय असलेली स्वच्छ शौचालयं, आणि ती राखणाऱ्या बायकांना मुक्कामाच्या शुल्कातून पगार. विजेचे दिवे नाहीत. लागलाच तर गुडघ्याखालचा मंद, पिवळा. शेकोटी नाही, स्पीकर नाही, दारू नाही. जेवण गावच्या घरांतून, नाचणीची भाकरी मिळाली तर उत्तम. जागा दर दोन-तीन वर्षांनी बदलावी, म्हणजे जमिनीला उसंत मिळते. आणि चालत आलेल्याला शुल्क कमी, गाडी आणणाऱ्याला जास्त. यातल्या कशालाही कोट्यवधींचा आराखडा लागत नाही. उलट आराखडा झाला तर मला भीती वाटते. मग प्रवेशद्वारावर सिमेंटचा वाघ येतो.

येत्या मे महिन्याच्या आत अकोले तालुक्यातली तीन गावं निवडा, ग्रामसभांना विचारा, आणि एक हंगाम हे करून बघा. जमलं नाही तर बंद करा, आम्ही तक्रार करणार नाही. फक्त ठरवण्याआधी काजव्यांच्या दिवसांत एखाद्या शनिवारी रात्री आपण स्वतः या. ताफा शेंडीत ठेवून, पुढे चालत. घरातल्या लहानांनाही आणा, मात्र तोवर शौचालयं बांधून झालेली असतील तरच.

कळावे.

आपली,
मुलांना घेऊन डोंगरात जाणारी,
नाशिकची एक आई